तिसऱ्या दिवसाचं पीठ

त्रिशला मगदूम खोटं बोलते, असं आयुष्यात पहिल्यांदा कुणी म्हटलं असेल तर ते तिच्याच स्वयंपाकघरातल्या फडताळावर ठेवलेल्या एका पेटीनं. माणसाची छाती झाली नसती.

श्रावणातली संध्याकाळ होती, सहा वाजायला आले होते. मगदूमांच्या घरी सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकतात, नंतर पाण्याचा थेंबसुद्धा नाही. पुण्याच्या सुरभीनं, म्हणजे त्यांच्या लेकीनं, पेटीची वेळही त्याच हिशेबानं लावून दिली होती. पेटीवरचा दिवा निळा झाला आणि आतून तो गोडगोड आवाज आला.

"नमस्कार त्रिशलाताई. आज पालेभाजी खाल्लीत का?"

"नाही बाई."

रोज यावर 'धन्यवाद' म्हणून पेटी खालच्या वाटीत गोळी टाकायची. त्या दिवशी ती थबकली.

"नोंद जुळत नाही. कृपया आठवून सांगा. आज किंवा काल पालेभाजी खाल्लीत का?"

त्रिशलाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "ऐकलंत का हो? ही पुणेकरीण मला काय म्हणतीय बघा!"

सुकुमार मगदूम भाकरीचा तुकडा मोडत होता. नाचणीची भाकरी, काळपट, जरा जास्तच काळपट. जयसिंगपूरच्या बाजूला त्या छोट्या गावात त्याची पिठाची गिरणी होती, बापाच्या वेळेपासूनची. "बिघडलं असेल," तो म्हणाला, "पावसाळी हवा आहे."

आता ही पेटी काय भानगड होती, ते आधी सांगतो.

सहा वर्षांपूर्वी मिरजेत त्रिशलाच्या हृदयातली एक झडप बदलली होती. लहानपणी सांधेदुखीचा ताप आला होता, त्यानं ती खराब झालेली. नवी झडप धातूची. टिकते जन्मभर, पण रक्ताला ती परकी वाटते आणि तिच्यावर रक्त गोठू बघतं. गुठळी झाली, सुटली आणि मेंदूत जाऊन अडकली की माणूस अर्ध्या अंगानं लुळा पडतो, नाहीतर जातोच. म्हणून रोज एक गोळी. लोक तिला रक्त पातळ करायची गोळी म्हणतात आणि डॉक्टर इनामदार त्यावर हमखास चिडायच्या. "काकू, रक्त पातळबितळ काही होत नाही हो. ताकात पाणी घातल्यासारखं ते नाही. रक्त गोठवणारे घटक लिव्हरमध्ये बनतात. त्यांना पक्कं करायला के जीवनसत्त्व लागतं. एकदा वापरलेलं के शरीर दुरुस्त करून परत वापरतं. ही गोळी ती दुरुस्ती अडवते, एवढंच. मग रक्त गोठतं, पण सावकाश."

आणि के सगळ्यात जास्त कशात, तर हिरव्या पानात. मेथी, पालक, शेवगा, कोथिंबीर. पानं जास्त झाली की गोळी हरते आणि गुठळीची भीती. पानं एकदम कमी झाली की गोळी वरचढ होते आणि रक्त थांबता थांबत नाही. त्यातून गोळीचा परिणाम आज घेतली की परवा दिसणार. पूर्वी महिन्याला रक्त तपासायचं आणि डॉक्टरांनी अंदाजानं गोळी कमीजास्त करायची, असा कारभार होता. आता तांदळाच्या दाण्याएवढा मणी दंडाच्या कातडीखाली बसवतात. तो तासातासाला रक्तातलं के आणि गोठण्याचा वेग मोजतो आणि पेटीला कळवतो. पेटी हिशेब करून गोळी देते. शिवाय ती माणसाच्या सवयी शिकते. परवा काय होणार हे ओळखून आजच गोळी वाढवते किंवा घटवते. हुशार होती, यात वाद नाही.

आषाढात चातुर्मास बसला तेव्हा गावच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, आलेल्या साध्वी माताजींसमोर, चारचौघांत, त्रिशलानं नियम घेतला होता. चार महिने पान म्हणून तोंडात घालायचं नाही. ओलं नाही, वाळलं नाही. नियमाआधी तिनं डॉक्टरांना फोन केला होता, हे विशेष.

"सोडा बिनधास्त," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "मला काय, रोज सारखं हवं. रोज शून्य असलं तरी ते सारखंच."

आठ-दहा दिवसांत पेटीनं गोळी कमी केली आणि आकडा जागेवर बसला. त्रिशला खुशीत होती. बस्तीत बायकांना सांगायची, "माताजी पण खूश, डॉक्टरीण पण खूश."

मग श्रावणाच्या तोंडाला एक दिवस ती बस्तीच्या पायरीवर मटकन खाली बसली. चक्कर आली म्हणाली. सुकुमारनं तिचा हात हातात घेतला तर नखं पांढरी पडलेली दिसली. तेहतीस वर्षांचा संसार, सुरभी लांब, घरात दोघंच. ही गेली तर काय, हा विचार त्याच्या मनात एकदा शिरला तो शिरलाच.

गिरणीत आलेल्या एकानं सांगितलं, शेवग्याच्या पाल्याची पूड द्या, लोहच लोह असतं. परसात शेवगा होता. सुकुमारनं पाला सावलीत वाळवला, दळला आणि त्रिशलाच्या पिठात चमचाभर घातला. तिला ज्वारीची सवय, पण ज्वारीच्या पिठात हिरवा रंग दिसला असता. म्हणून तो म्हणाला, "हाडांना नाचणी बरी. काही दिवस नाचणी खा." ती हो म्हणाली. नवऱ्याच्या हातच्या पिठावर कोण संशय घेणार?

मोडला ना मग नियम? तुम्ही म्हणाल. सुकुमारनं तसं मनाला म्हणू दिलं नाही. त्याचा जन्म गिरणीत गेला होता. जात्यात पडलं की गहू गहू राहत नाही, ज्वारी ज्वारी राहत नाही, सगळं पीठ. मग पाला तरी पाला कसा राहील? आणि भाजी म्हणजे फोडणी घातलेली, पातेल्यात शिजलेली. पेटी रोज पालेभाजीचं विचारायची आणि हा पठ्ठ्या खरोखर चक्रावून जायचा, की घरात भाजीचं पान नसताना हिला दिसतं कुठून! औषधाचं इतकं त्याला कधी समजलंच नव्हतं. लोहाचं जीवनसत्त्व वेगळं, गोळीचं वेगळं, कुठलं कुणाशी भांडतं ते इनामदार बाई सांगायच्या तेव्हा तो मान डोलवायचा आणि बाहेर आल्यावर त्रिशलाला विचारायचा, "म्हणजे नक्की काय म्हणाल्या?"

त्यांच्यात पिठालाही मर्यादा असते. पावसाळ्यात दळलेलं पीठ तीन दिवस चालतं, पुढे नाही. म्हणजे दर तिसऱ्या दिवशी त्रिशलासाठी ताजं दळण. आणि दर तिसऱ्या दिवशी सुकुमार तिचा चेहरा बघायचा, अजून फिकाच वाटायचा, मग नव्या पिठात अर्धा चमचा जास्त. भाकरी कडवट लागते, ती म्हणाली. नाचणी नवी आहे, तो म्हणाला.

पेटीचं सुरूच होतं. नोंद जुळत नाही. कृपया आठवून सांगा. आणि गोळी वाढतच होती.

चार दिवसांनी सुरभीचा फोन आला. पेटीचा निरोप तिलाही जायचा. "आई, कुणी रागावणार नाही गं तुला. खाल्लीस तर खाल्लीस. पण खरं सांग, जिवाशी खेळ आहे."

"सुरभी, तुझ्या डोक्यावर हात ठेवून सांगते."

"शपथा कशाला घेतेस? मणी रक्तात बसलाय आई, तो कशाला खोटं बोलेल?"

त्रिशलानं फोन खाली ठेवला. त्या दिवसापासून ती जरा वेगळीच वागू लागली. कोथिंबीर घरात येऊ देईना. चुलीजवळचा कढीपत्ता उचलून शेजारी देऊन आली. एकदा दुपारी सुकुमार जेवायला आला तर ती मोरीजवळ उभी राहून स्वतःच्या हातांचा वास घेत होती.

"काय करतेस?"

"अहो," ती हळूच म्हणाली, "मी झोपेत उठून खाते का हो काही? तुम्हाला जाग येते ना? खरं सांगा. माझ्या आईच्या आईला शेवटी शेवटी असंच झालं होतं. काय खाल्लं ते आठवायचं नाही तिला."

"वेडी आहेस का? काही खात नाहीस तू. पेटीच बिघडलीय."

"पेटी बदलून दिली की सुरभीनं, परवा. दुसरी पण तेच म्हणतीय."

तिचे डोळे भरून आले होते. सुकुमारला वाटलं, सांगावं की पिठात थोडी पूड असते, पण त्याचा याच्याशी काय संबंध? उगाच नियमाचा घोळ व्हायचा. तो गिरणीत गेला. बस्तीत जाणं तिनं सोडूनच दिलं. जिला स्वतःचीच खात्री नाही तिनं नियमाचं काय मिरवायचं, म्हणाली.

पेटीनं पहिल्यांदा हटकल्यापासून एकोणिसाव्या दिवशी डॉक्टरांनी दोघांना मिरजेला बोलावलं. त्रिशलाला मणी तपासायला आत नेलं आणि सुकुमार डॉक्टरांच्या समोर बसला. त्यांनी पडदा त्याच्याकडे वळवला. पडद्यावर एक जिना होता. खरंच जिनाच. सपाट रेघ, मग एकदम वर, पुन्हा सपाट, पुन्हा वर.

"हे काकूंच्या रक्तातलं के. बघा काका, कुणी चोरून भाजी खाल्ली तर असं दिसत नाही. चोरीला इतकी शिस्त नसते. ही पायरी मोजून तीन दिवसांची आहे, प्रत्येक पायरी. आणि प्रत्येक वेळी थोडी उंच. मला काकू खोटं बोलतात असं वाटत नाही. तुमच्या घरात दर तिसऱ्या दिवशी काय होतं?"

सुकुमारच्या कानात गिरणीचा पट्टा फिरल्यासारखा आवाज येऊ लागला. तीन दिवस. अर्धा चमचा. त्या रेघेत त्याला स्वतःचा हात दिसत होता.

"काका? काही येतं का बाहेरून? औषध, चूर्ण, पूड?"

"पूड म्हणजे... वाळलेल्या पाल्यात पण असतं का ते?"

"वाळला म्हणजे नुसतं पाणी गेलं. के तसंच राहतं, उलट चमच्याला जास्त पडतं. का?"

दार उघडलं. त्रिशला दंडावर कापूस दाबत आत आली आणि आशेनं दोघांकडे पाहिलं. "सापडलं का काही?"

"नाही," सुकुमार म्हणाला. "काही नाही."

डॉक्टरांनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. "घरी शोधा," त्या म्हणाल्या, "आणि सापडलं तर आधी मला फोन. स्वतःच्या मनानं काही बदलू नका. गोळी आता खूप वाढलेली आहे."

परतीच्या वाटेवर सुकुमारनं या वाक्याचा मनात कीस पाडला. बदलू नका म्हणाल्या. पण वाईट गोष्ट काढून टाकणं म्हणजे बदलणं कसं होईल? ते तर सुधारणं झालं. आज पूड बंद केली की के उतरेल, पेटी गप्प होईल, त्रिशलाचा नियम तिच्या लेखी शाबूत राहील आणि कुणाला कशाचा पत्ता लागणार नाही. त्या संध्याकाळी त्यानं पुडीचा डबा शेतात नेऊन उपडा केला, जातं झाडलं, ब्रशनं घासलं आणि शुद्ध नाचणी दळली. मनावरचं ओझं उतरलं असं त्याला वाटलं.

इकडे पेटी मात्र जिना शिकून बसली होती. पुढची पायरी केव्हा येणार हे आता तिला पाठ होतं. म्हणून तिनं नव्या पिठाच्या पहिल्याच दिवशी, येणाऱ्या के-ला तोंड द्यायला, गोळी आणखी वाढवली. ते के आलंच नाही. तिला घसरण दिसली तेव्हा तिनं गोळी थांबवली, पण पोटात गेलेल्या गोळ्यांचा परिणाम परवावर येणारच होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्रिशलानं तोंड धुताना नाक शिंकरलं. पर्युषण चार दिवसांवर आलं होतं आणि आपला नियम मोडला असेल असं माताजींना सांगून टाकायचं ठरवून ती आज बस्तीत जायला निघाली होती. नाकातून रक्त आलं. थांबेल म्हणून तिनं पदर लावला. पदर भिजला. टॉवेल भिजला. दंडावर मण्याभोवती निळंजांभळं वर्तुळ उमटलं होतं.

पेटी तोवर लाल झाली होती आणि तिनं आपणहून डॉक्टरांना जोडून दिलं होतं. "रुग्णवाहिका निघाली आहे. पुढे वाकून बसा, नाक चिमटीत धरा. महत्त्वाचं: गेल्या तीन दिवसांत आहारात काही बदल झाला आहे का?"

"नाही," त्रिशला टॉवेलमधून म्हणाली. "सांगा हो तिला. काही नाही बदललं. मी काही केलं नाही."

मागून डॉक्टरांचा आवाज आला. "काका, मला आता खरं हवंय. उतारा किती द्यायचा ते त्यावर आहे. कमी दिला तर रक्त थांबणार नाही, जास्त दिला तर झडपेवर गुठळी होईल. काय बदललं?"

सुकुमारनं त्रिशलाकडे पाहिलं. लाल झालेल्या टॉवेलच्या वर तिचे दोन डोळे होते आणि ते त्याच्याकडे विश्वासानं बघत होते. यानं आपली बाजू घ्यावी म्हणून.

"शेवगा," तो म्हणाला. "शेवग्याच्या पाल्याची पूड. हिच्या पिठात. महिना होत आला. दर दळणाला अर्धा चमचा वाढवत होतो. तीन दिवसांपूर्वी बंद केली. मी घातली. हिला माहीत नाही. हिला काहीच माहीत नाही."

"किती चमचे झाले होते शेवटी?"

"पाच."

"धन्यवाद," पेटी तिच्या त्याच गोड आवाजात म्हणाली. "नोंद जुळली."

त्रिशला पुढे वाकली होती तशीच वाकून राहिली.

मिरजेत नाकात बोळा भरला आणि डॉक्टरांनी मोजूनमापून के टोचलं, सुईच्या टोकाएवढं. त्रिशलानं विचारलं, "हे कशाचं असतं?"

"कारखान्यात करतात काकू. पानातलं नाही, काळजी करू नका."

"आता पानातलं असलं तरी काय," त्रिशला म्हणाली आणि कुशीवर वळली.

दोन दिवसांनी घरी आल्यावर ती आधी बस्तीत जाऊन आली. सुकुमार दारातच उभा होता.

"काय म्हणाल्या माताजी?"

"ज्याला माहीत होतं त्याचा दोष, म्हणाल्या. माझा नियम आजपासून परत सुरू."

"आणि मी? मी काय करायचं?"

"ते मी विचारलं नाही." ती आत गेली आणि पुन्हा बाहेर आली. "नियमाचं मला तेवढं नाही हो. तुम्ही जिवाला घाबरलात, ते कळतंय मला. पण बावीस दिवस ती पेटी मला खोटारडी म्हणत होती. माझी लेक म्हणाली. मला वाटलं माझं डोकं फिरलं, मी रात्री उठून चोरून खाते. आणि तुम्ही समोर बसून भाकरी मोडत होता."

"मला खरंच कळत नव्हतं गं. पाल्याचं आणि गोळीचं—"

"मिरजेहून आल्यावर?"



नव्या पिठाचा दिवस आला तेव्हा ती गिरणीत आली. तेहतीस वर्षांत दळायला म्हणून कधी आली नव्हती. ज्वारीचा डबा तिनं स्वतः उचलून आणला होता. तो दळत असताना ती पीठ पडतं त्या तोंडाशी उभी राहिली, पडतं पीठ हातात घेऊन बोटांनी चोळलं, नाकाशी नेलं. पांढरंशुभ्र ज्वारीचं पीठ. डबा घेऊन ती निघून गेली.

संध्याकाळी दोन पानं वाढली. ऊन अजून परसातल्या शेवग्यावर होतं. पेटी निळी झाली.

"नमस्कार त्रिशलाताई. आज पालेभाजी खाल्लीत का?"

त्रिशलानं तोंड उघडलं आणि मिटलं. ताटातल्या भाकरीकडे ती कितीतरी वेळ बघत राहिली. पूर्वी हे उत्तर तिच्या जिभेवर असायचं.

"मला काय माहीत," ती शेवटी म्हणाली. "ह्यांना विचार."

पेटीला अशा उत्तराची सवय नव्हती. दिवा लुकलुकत राहिला.

"नाही," तो म्हणाला. "खाल्ली नाही. पिठात काही नाही."

पेटी आज फार वेळ घेत होती, असं त्याला वाटलं. मग वाटीत टक् करून गोळी पडली. "धन्यवाद. नोंद जुळली."

त्रिशलानं गोळी घेतली, वर पाणी प्यायली. मग आपल्या ताटातली भाकरी मधोमध मोडली आणि अर्धी त्याच्या ताटात ठेवली.

"आधी तुम्ही खा," ती म्हणाली.

सुकुमारनं तुकडा तोंडात घातला. ही शिक्षा होती, पारख होती की नेहमीसारखा वाटा होता, त्याला काही उमगेना. तिच्या चेहऱ्यावरूनही कळेना. तो घास चावत राहिला आणि ती त्याचा घास गिळून होईपर्यंत हात न लावता बसून राहिली.